शेगावची चिलीम आणि गर्दची टर्की

गजानन महाराजांच्या तसबिरी वऱ्हाडात घरोघरी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच तसबिरींत चिलीम आहे. ती कुठून आली हे दासगणूंनी ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. काशीकडच्या एका गोसाव्याने गांजा अर्पण करण्याचा नवस केला होता. तो फेडायला तो शेगावला आला, महाराजांनी त्याची चिलीम स्वीकारली आणि तिथून ती प्रथा पडली. महाराजांना तिची आसक्ती नव्हती, हेही दासगणू लगोलग नोंदवतात.

श्रद्धेचं श्रद्धेपाशी राहू दे. पण अडाणी-शहाणा कुणीही पाहू शकेल अशी एक गोष्ट त्या काळातही होती. चिलीम ओढणाऱ्या बैराग्याला चार दिवस गांजा मिळाला नाही तर तो चिडचिडा होई, त्याला झोप लागत नसे, जेवण जात नसे. अफूवाल्याला एक दिवस अफू मिळाली नाही तर तो आडवा होई. दोन्ही झाडंच, दोन्ही नशाच. मग एकीचं सुटणं निभावतं आणि दुसरीचं माणसाला लोळवतं, असं का?

महाराज शेगावात प्रकटले २३ फेब्रुवारी १८७८ला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अफूचा कायदा करून तिची लागवड, वाहतूक आणि विक्री परवान्याखाली आणली. पुढे १८९३मध्ये दोन चौकशी आयोग नेमले गेले, एक गांजा-भांगेसाठी, दुसरा अफूसाठी. सरकारी डॉक्टर, वैद्य-हकीम, मिशनरी, जमीनदार अशा शेकडो लोकांच्या साक्षी झाल्या, हजारो पानं छापली गेली. दोन्हीकडचा निष्कर्ष साधारण सारखाच निघाला: बेताने घेतलं तर फार बिघडत नाही. या दोन्ही मालांचा महसूल सरकारी तिजोरीत जात होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. गांजा आणि अफू मेंदूत नेमकं कुठे जातात, हा प्रश्न त्या आयोगांना पडण्याचं कारण नव्हतं. अफूपुरतं त्याचं उत्तर मिळायला १९७३ साल उजाडावं लागलं.

अफू म्हणजे खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक. अनारशावर थापतात ती खसखस त्याच बोंडातली, पण बियांत नशा जवळपास नसते. या चिकातून फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्याने १८०५च्या सुमारास मॉर्फिन वेगळं काढलं. मॉर्फिनवर प्रक्रिया करून बायर कंपनीने १८९८मध्ये हेरॉईन बाजारात आणलं, तेही खोकल्याचं औषध म्हणून. आणि हेरॉईनचं भेसळीचं, तपकिरी, स्वस्त रूप म्हणजे ब्राऊन शुगर, अर्थात गर्द. १९८०च्या दशकात गर्दने मुंबई-पुण्यातली पोरं पकडली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

गर्द ओढणाऱ्यांनी तो सुटतानाच्या यातनांना एक नाव दिलं होतं: टर्की. ‘टर्की लागली’ असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात. नाक-डोळे वाहू लागतात. अंगावर काटा येतो, घाम फुटतो, थंडी वाजते. पोटात मुरडा येऊन जुलाब, उलट्या. हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं वाटतं, पाय आपोआप झटकले जातात. झोप नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टोकाला जातं आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. धडधाकट माणूस टर्कीने सहसा मरत नाही. आपण मरणार, असं मात्र त्याला खात्रीने वाटतं.

या लक्षणांची यादी अफूच्या परिणामांशेजारी ठेवली की एक गंमत दिसते. अफूने बद्धकोष्ठ होतं, टर्कीत जुलाब. अफूने बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, टर्कीत ती विस्फारते. अफूने दुखणं बधिर होतं, टर्कीत न दुखणारंही दुखतं. अफूने गुंगी, टर्कीत जागरण. ओळीला ओळ उलटी. विष अंगातून बाहेर पडताना त्रास देतं, ही आपल्याकडची समजूत या यादीपुढे टिकत नाही. विषाचा त्रास विषासारखाच असायला हवा, त्याच्या बरोबर उलटा कसा असेल?

उत्तराचा पहिला धागा १९७३मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सापडला. कॅन्डेस पर्ट ही विशीतली संशोधक आणि तिचे मार्गदर्शक सॉलोमन स्नायडर यांनी नालॉक्सोन नावाचं औषध किरणोत्सारी करून उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळलं. नालॉक्सोन हा मॉर्फिनचा वैरी. मॉर्फिन जिथे बसतं तिथेच तो बसतो, अधिक घट्ट बसतो, आणि करत मात्र काही नाही. लगदा धुऊन काढल्यावरही किरणोत्सार ठरावीक जागांना चिकटून राहिला. त्या जागा म्हणजे अफूचे रिसेप्टर. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालात लार्स तेरेनियस यांनीही ते स्वतंत्रपणे दाखवले.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात सात वेळा आत-बाहेर ओवलेला प्रथिनाचा धागा. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक खोबण असते. तिच्यात योग्य आकाराचा रेणू बसला की धाग्याचा आतला भाग हलतो आणि पेशीला निरोप पोचतो. अफूसाठी असे तीन मुख्य प्रकार आहेत: म्यू, डेल्टा आणि कॅप्पा. पण खसखशीचं झाड जन्मात न पाहिलेल्या प्राण्याच्या डोक्यात अफूसाठी खोबण असण्याचं कारणच काय? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जाई आणि डुकरांचे मेंदू घेऊन येई. त्यांतून १९७५मध्ये त्याने आणि सत्तरी ओलांडलेल्या हान्स कॉस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन नावाचे दोन छोटे रेणू वेगळे काढले. शरीर स्वतःच अफूसारखं काही बनवतं, थेंबाथेंबाने, गरजेपुरतं, आणि काम होताच मोडूनही टाकतं. या खोबणी त्याच्यासाठी आहेत. झाडाच्या चिकातला रेणू योगायोगाने तिथे मावतो इतकंच.

तीन प्रकारांपैकी टर्कीला जबाबदार कोण, याचा निकाल १९९६मध्ये लागला. ब्रिजित कीफर यांच्या फ्रान्समधल्या गटाने म्यू रिसेप्टरचं जनुकच निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांना मॉर्फिन दिलं तर दुखणं कमी झालं नाही. त्यांना मॉर्फिनची गोडी लागली नाही. आणि मॉर्फिनवर दिवसचे दिवस ठेवूनही टर्की आली नाही. आराम, गोडी आणि यातना, तिन्ही एकाच प्रथिनाच्या दारातून आत येतात.

आता पेशीच्या आत डोकावू. म्यू रिसेप्टर हा मुळात ब्रेक लावणारा आहे. खोबण भरली की पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमच्या मिटतात, आणि चक्रीय एएमपी नावाच्या निरोप्याचं उत्पादन घटतं. पेशी मंदावते. रोज गर्द घेणाऱ्याच्या पेशीवर हा ब्रेक चोवीस तास दाबलेला असतो. पेशीला काम तर करायचंच असतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूने जोर लावू लागते: चक्रीय एएमपी बनवणारी यंत्रणा वाढवते, रिसेप्टरचा आवाज आतपर्यंत पोचू नये म्हणून त्याच्या तारा सैल करते. रस्सीखेच खेळताना समोरचा जितका ओढतो तितकं आपण मागे रेलतो, तसंच. मग आधीच्या मात्रेने भागत नाही, पुडीमागून पुडी वाढते. आणि एक दिवस समोरचा दोर सोडतो. मागे रेललेला धाडकन पडतो. टर्की म्हणजे ते पडणं आहे. तिच्यात अफू कुठेच नसते. असतो तो शरीराचा स्वतःचा जोर, अडवायला कुणी न उरलेला.

हे नुसतं कल्पनाचित्र नाही. १९७५मध्ये अमेरिकेत शैल शर्मा, वर्नर क्ली आणि नोबेलविजेते मार्शल निरेनबर्ग यांनी ते काचेच्या बशीत दाखवलं. बशीत होत्या मज्जापेशींच्या अर्बुदापासून तयार केलेल्या संकरित पेशी. मॉर्फिन टाकताच त्यांतला चक्रीय एएमपी घसरला. मॉर्फिन तसंच राहू दिलं तर दोनेक दिवसांत तो हळूहळू पूर्वपदावर आला, पेशी सरावल्या. मग मॉर्फिन काढून घेतलं, आणि चक्रीय एएमपी नेहमीच्या पातळीच्या कितीतरी वर उसळला. बारकावा म्हणून सांगायचं तर त्या पेशींवर म्यू नव्हे, डेल्टा रिसेप्टर होते. पण आतली यंत्रणा तीच.

या प्रयोगाची चर्चा प्रयोगशाळांबाहेर फारशी झाली नाही, आणि व्हायला हवी होती. बशीतल्या पेशीला मन नाही. तिला वाईट संगत लागलेली नाही, घरचे संस्कार कमी पडलेले नाहीत, तिच्या इच्छाशक्तीबद्दल कुणी मामा-काका बैठकीत बोलू शकत नाही. तरी तिला टर्की लागली.

आणि हेच तान्ह्या बाळांत मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बाया बाळ शांत झोपावं म्हणून त्याला अफूची गोळी चाटवत. तिला ‘बाळगोळी’ म्हणत. मुंबई सरकारने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्री-कामगारांची स्थिती तपासायला नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवलं की कामगार स्त्रियांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. गोळी चुकली की पोर किरकिर करणार, त्याचं पोट बिघडणार, ते झोपणार नाही. आणि पुन्हा गोळी दिली की गप्प होणार. आईला वाटे औषध लागू पडलं. बाळ टर्कीत होतं. त्या बायांना दोष देण्यात अर्थ नाही. पाळणाघर नव्हतं, पाळी चुकवली तर मजुरी नव्हती.

मेंदूत ही उसळी सर्वांत जोरात कुठे उठते? मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे, माणसात उजवी-डावीकडे मिळून जेमतेम काही दहा हजार पेशींचा. मेंदूभर नॉरॲड्रिनलीन पुरवणारा हा मुख्य झरा. धोका दिसला की माणसाला खडबडून जागं करणारा. त्याच्या पेशींवर म्यू रिसेप्टर दाटीने आहेत. येल विद्यापीठातल्या जॉर्ज अघाजानियन यांनी १९७८मध्ये उंदरांत दाखवलं की अफू तोडली की या पेशी बेभान संदेश सोडू लागतात, आणि रक्तदाबाचं क्लोनिडिन नावाचं औषध दिलं की शांत होतात. त्याच वर्षी मार्क गोल्ड आणि सहकाऱ्यांनी ते रुग्णांवर वापरून पाहिलं. घाम, काटा, थरथर, छातीतली धडधड बरीच कमी झाली. त्याआधी मुख्यतः रक्तदाबासाठी माहीत असलेलं औषध असं व्यसनमुक्तीच्या उपचारात आलं.

जुलाब मात्र त्या ठिपक्याचे नव्हेत. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जाजाळं असतं आणि त्याच्यावरही म्यू रिसेप्टर असतात. जुलाबावर औषधाच्या दुकानात मिळणारं लोपेरामाइड याच रिसेप्टरवर बसतं. नेहमीच्या मात्रेत मेंदूत शिरू शकत नाही म्हणून नशा देत नाही. अफूचं जवळचं नातेवाईक आपल्या प्रवासाच्या पिशवीत असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि गांजा? त्याचा मुख्य रेणू टीएचसी. त्याचे रिसेप्टर १९८८मध्ये अमेरिकेत सापडले, अफूच्या रिसेप्टरहून वेगळे. त्यांच्यावर बसणारा शरीराचा स्वतःचा रेणू जेरुसलेमला रफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत १९९२मध्ये मिळाला, आणि संशोधकांनी संस्कृतातला ‘आनंद’ घेऊन त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं. हे रिसेप्टर मेंदूत भरपूर आहेत, पण एका ठिकाणी विरळ: श्वास चालवणाऱ्या देठातल्या केंद्रांत. म्यू रिसेप्टर नेमके तिथे आहेत. म्हणून अफूच्या जास्त मात्रेने श्वास थांबतो आणि गांजाने सहसा थांबत नाही. शिवाय टीएचसी चरबीत साठतं आणि दिवसेंदिवस झिरपत बाहेर पडतं. दोर एकदम सुटत नाही, हळूहळू सैल होतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूत त्याचे रिसेप्टर घटलेले दिसतात आणि बंद केल्यावर साधारण चार आठवड्यांत भरून येतात, हे २०१२मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसलं. तेवढे दिवस चिडचीड आणि निद्रानाश. गांजा निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. कोवळ्या वयात तो मेंदूला महाग पडतो. पण शेगावच्या चिलमीची आणि गर्दच्या पन्नीची गल्लत करू नये, एवढं यातून ठरतं.

टर्की रिसेप्टरची म्हटल्यावर उपचारही तिथूनच सुरू होतात. त्यात सगळ्यांत हुशारीचं औषध ब्युप्रेनॉर्फिन. ते म्यू रिसेप्टरला कमालीचं घट्ट धरतं, पण त्याला अर्धवटच चालवतं. टर्की थांबते, तरंग येत नाही, आणि वरून गर्द ओढला तरी त्याला जागा रिकामी सापडत नाही. जिभेखाली ठेवायची ही गोळी सरकारी केंद्रांवर समोर बसवून दिली जाते. तिची एक खोच आहे: अंगात हेरॉईन भरलेलं असताना घाईने दिली तर ती त्याला ढकलून जागा घेते आणि अर्धवट चालवत असल्यामुळे उलट टर्कीच उभी करते. म्हणून डॉक्टर रुग्णाला आधी थोडी टर्की लागू देतात. एक व्यसन सोडवून दुसरं लावलं, अशी टीका या उपचारावर नेहमी होते. ती करणाऱ्यांनी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी रोज घेणाऱ्याला हाच प्रश्न विचारलेला आढळत नाही.

रिसेप्टरची गोष्ट इथे संपली असती तर दहा दिवसांत माणूस सुटला असता. तसं होत नाही. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला अफूबाजांसाठी सरकारी रुग्णालय होतं. तिथे १९४०च्या दशकात अब्राहम विक्लर या डॉक्टरला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कित्येक महिने नशेपासून दूर असलेले रुग्ण गटात बोलायला बसत, आणि बोलणं नशेवर आलं की त्यांची नाकं वाहू लागत, जांभया येत, डोळे पाणावत. नशेची कसलीही खूण अंगात नसताना टर्की. मेंदूने गल्ली, माणसं, वास हे सगळं त्या यातनेशी बांधून ठेवलं होतं. व्यसन सोडून गावी परतलेला मुलगा त्याच स्टेशनवर उतरतो, त्याच टपरीशी उभा राहतो आणि त्याच्या पोटात कळ येते ती इथून.

मुक्तांगणमध्ये म्हणूनच अंगातून नशा उतरवणं हे पहिल्या काही दिवसांचंच काम असतं. पाच आठवड्यांच्या मुक्कामाचा बाकी बहुतेक भाग गटचर्चा, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं यांत जातो. आणि वऱ्हाडात जिला पिढ्यान्‌पिढ्या मान आहे ती वारकऱ्याची माळही इथेच कामाला येते. माळ घातली की जुनी बैठक सुटते, नवी माणसं भेटतात, संध्याकाळचा वेळ भजनात जातो. विक्लरच्या भाषेत सांगायचं तर खुणा बदलतात. माळेने दारू सुटलेली घरं शेगावच्या आसपास शोधावी लागत नाहीत. चूक होते ती हिला पहिल्या आठवड्यात एकटीला कामाला लावण्यात. मुलगा मुरड्याने लोळत असताना त्याला नामस्मरण पुरत नाही. आणि पुरलं नाही म्हणून घरचे त्याच्या श्रद्धेवर शंका घेतात, तो स्वतःवर.

हा प्रश्न आता गर्दपुरताही राहिलेला नाही. दिल्लीच्या एम्सने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले २.१ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गातलं काहीतरी घेणारे आढळले. त्यांत खुद्द अफूपेक्षा हेरॉईनचे आणि औषधी गोळ्यांचे ग्राहक जास्त. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं. खोकल्याच्या औषधातलं कोडीन शरीरात गेल्यावर अंशतः मॉर्फिनच होतं. पट्टीतून आलं काय आणि पुडीतून आलं काय, म्यू रिसेप्टरला फरक कळत नाही.

सगळ्यांत मोठा धोका मात्र टर्की संपल्यानंतर असतो, आणि घरच्यांना तो बहुधा कुणी सांगत नाही. दोन-तीन आठवडे नशेविना गेले की पेशींनी लावलेला जोर उतरतो, रिसेप्टर पुन्हा ताजे होतात. श्वासाच्या केंद्रातलेही. माणसाच्या आठवणीत मात्र जुनीच मात्रा असते. पाय घसरला आणि पूर्वी पचणारी तेवढीच पुडी घेतली तर श्वास थांबू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वाधिक मृत्यूंचे ठरतात. अशा वेळी कामी येतं ते पर्ट-स्नायडर यांच्या प्रयोगातलं नालॉक्सोन. टोचलं की दोन-तीन मिनिटांत ते म्यू रिसेप्टरवरून हेरॉईन हुसकावून लावतं, निळा पडलेला माणूस श्वास घेऊ लागतो आणि त्याच क्षणी टर्कीने कळवळतो. पण नालॉक्सोनचा अंमल तास-दीड तासात ओसरतो. नशा त्याहून जास्त वेळ टिकली तर श्वास पुन्हा मंदावतो. त्यामुळे शुद्धीवर येऊन शिव्या देत घरी निघालेल्या रुग्णाला डॉक्टर काही तास खाटेवरून उठू देत नाहीत.